हॅरी पॉटरची कहाणी : आठव्या भागात सुफळ संपूर्ण

श्रावणातल्या कहाण्या ज्यांनी आजीजवळ बसून ऐकल्या आहेत, त्यांना कहाणीचा शेवट कसा होतो हे निराळे सांगायला नको. राजाचे राज्य जावो, नावडतीला गुरांच्या गोठ्यात राहावे लागो, शेवटी सगळ्यांचे भले होते आणि कहाणी सुफळ संपूर्ण होते. ऐकणारे हातातले तांदूळ वाहतात आणि आपापल्या कामाला लागतात.

पण एकच कहाणी दहा वर्षे चालली तर? साता समुद्रापलीकडे इंग्लंडात अशी एक कहाणी पडद्यावर रंगली. तिचा पहिला चित्रपट २००१ च्या नोव्हेंबरात आला आणि आठवा, म्हणजे शेवटचा, २०११ च्या जुलैत. पहिला भाग पाहायला जी मुले आईबापाचे बोट धरून गेली, त्यांतल्या कितीतरी मुलांना शेवटचा भाग पाहायला जाताना मिसरूड फुटले होते. चित्रपटगृहातून बाहेर पडताना ही मोठी झालेली मुले डोळे पुसत होती. आपले बालपण आज संपले, असे त्यांना वाटत होते.

ती कहाणी म्हणजे हॅरी पॉटर. वाचकहो, आपल्या साप्ताहिकात या विलायती पोराचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. हिंदीत बोलणारा हॅरी आता टीव्हीवर आणि मोबाईलवर आपल्या ओसरीपर्यंत आला आहे. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने त्याची पुस्तके मराठीतही आणली आहेत. मुले ती गोष्ट पाहतात आणि वाचतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र त्यात छड्या, भुते आणि मंत्र तेवढे दिसतात. मग ते म्हणतात, "हे जादूटोण्याचे खूळ पोरांच्या डोक्यात कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून ही गोष्ट, आणि विशेषतः तिचा शेवट, नीट समजून घेऊ.

गोष्ट लिहिणारी आई

गोष्टीची लेखिका जे. के. रोलिंग. १९९० साली मँचेस्टरहून लंडनला जाताना आगगाडी रखडली आणि त्या रिकाम्या वेळात हा मुलगा तिच्या मनात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिची आई दीर्घ आजाराने वारली. आपण अशी गोष्ट लिहीत आहोत, हे आईला सांगायचे राहून गेले ते राहूनच गेले. पुढे ती पोर्तुगालमध्ये इंग्रजी शिकवायला गेली, तिथे लग्न झाले, मुलगी झाली आणि संसार मोडला. तान्ह्या मुलीला घेऊन ती स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरी आली. सरकारी भत्त्यावर दिवस काढत, मूल झोपले की चहाकॉफीच्या दुकानात बसून तिने पुस्तक पुरे केले.

बारा प्रकाशकांनी ते परत केले. अखेर ब्लूम्सबरी या प्रकाशनाने २६ जून १९९७ रोजी ते छापले. पहिली छपाई होती अवघी ५०० प्रतींची. पुढे सात पुस्तके झाली. त्यांच्या जगभरात साठ कोटींहून अधिक प्रती खपल्या. शेवटचे पुस्तक जुलै २००७ मध्ये निघाले आणि त्या एका पुस्तकाचे दोन चित्रपट करण्यात आले. म्हणून पुस्तके सात आणि चित्रपट आठ.

आई गेल्याचे दुःख लेखिकेच्या मनात ताजे होते. ते या गोष्टीत मुरले आहे. वरवर पाहता ही जादूची गोष्ट आहे, पण आत पाहिले तर एका पोरक्या मुलाची आणि त्याच्या आईची आहे.

पोरका पोर आणि राक्षसाचा जीव

हॅरी एक वर्षाचा असताना व्होल्डेमॉर्ट नावाचा दुष्ट जादूगार त्याला मारायला येतो. आई मध्ये उभी राहते आणि मरते. तिच्या मायेचे कवच असे की, मुलावर सोडलेला घाव उलटून त्या दुष्टावरच पडतो. मुलगा वाचतो आणि कपाळावर विजेसारखा एक व्रण राहतो.

आपल्याकडे म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. हॅरीच्या नशिबी मात्र मावशीच उलटी निघाली. जिन्याखालच्या अडगळीच्या फडताळात त्याला झोपवायचे, स्वतःच्या मुलाचे जुने कपडे घालायला द्यायचे, असा त्या घरचा रिवाज. अकराव्या वर्षी त्याला हॉगवर्ट्स नावाच्या जादूच्या निवासी शाळेतून बोलावणे येते. तिथे त्याला रॉन आणि हर्मायनी हे जिवाभावाचे सोबती मिळतात. दर वर्षी एक इयत्ता आणि दर वर्षी एक संकट, अशी गोष्ट पुढे सरकते.

इकडे तो दुष्ट पुरता मेलेला नसतो. मरणाला तो इतका घाबरतो की, आपल्या जिवाचे तुकडे करून त्याने ते निरनिराळ्या वस्तूंत लपवून ठेवलेले असतात. आपल्या आजीबाईंना यात काहीच नवल वाटणार नाही. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव, ही गोष्ट आपल्या घरोघरी सांगितली गेली आहे. पोपटाची मान मुरगळल्याखेरीज राक्षस मरत नाही. इथे पोपट एक नाही, अनेक आहेत, एवढाच फरक.

शेवटच्या भागात काय घडते

शेवटचा चित्रपट दोन तास दहा मिनिटांचा. आठांत सर्वांत लहान हाच. आधीच्या भागाच्या शेवटी हॅरीचा एक इमानी सोबती, डॉबी नावाचा घरगडी, मालकाच्या तावडीतून मुलांना सोडवताना मारला जातो. जादूने खड्डा खणता आला असता, पण हॅरी ती वापरत नाही. आपल्या हातांनी खणून तो डॉबीला मूठमाती देतो. शेवटचा भाग सुरू होतो तो समुद्रकाठच्या त्या ताज्या थडग्यापासून.

मग तिघे मित्र एका पेढीच्या तळघरात शिरतात. जिवाचा एक तुकडा तिथे एका प्याल्यात लपवलेला आहे. खजिन्याच्या राखणीला साखळदंडाने बांधलेला आणि वर्षानुवर्षे अंधारात राहून पांढरा पडलेला एक अजस्र पंखधारी प्राणी आहे. मुले त्याच्या साखळ्या तोडतात आणि त्याच्याच पाठीवर बसून छप्पर फोडून उडतात. मुक्या जिवाला सोडवले तर तोही आपल्याला तारून नेतो, असा हा प्रसंग आहे.

तिथून मुले आपल्या शाळेत येतात. दुष्टाची फौज शाळेला वेढा घालते. वयोवृद्ध शिक्षिका मॅकगोनागल दगडी पुतळ्यांना जागे करून वेशीवर उभे करतात. नेव्हिल नावाचा एक विसरभोळा मुलगा आहे. आजीने वाढवलेला, झाडाझुडपांत रमणारा, वर्गात सगळ्यांच्या हसण्याचा विषय झालेला. सगळे हताश झाले असताना तोच लंगडत पुढे येतो आणि तलवारीने शेवटच्या तुकड्याचा, म्हणजे नागिणीचा, वध करतो. वर्गात मागे पडणारे पोर वेळेला कसे उपयोगी पडते, हे ज्या घरात असे पोर आहे त्या घराने जरूर पाहावे.

गोष्टीची खरी गाठ सुटते ती स्नेप या मास्तरांपाशी. सात भाग ते हॅरीला घालून-पाडून बोलत आले. ते शत्रूला सामील आहेत, असेच सगळे धरून चालले. मरताना ते आपल्या आठवणी हॅरीला देतात आणि कळते ते असे की, हॅरीच्या आईवर त्यांची लहानपणापासून माया होती आणि तिच्या मुलाला त्यांनी लपून जपले होते. ही भूमिका ॲलन रिकमन यांनी केली. लेखिकेने त्यांना यातले एक गुपित फार आधी सांगून ठेवले होते. ते त्यांनी वर्षानुवर्षे पोटात ठेवले. २०१६ च्या जानेवारीत ते वारले.

त्याच आठवणींतून हॅरीला आणखी एक गोष्ट कळते. दुष्टाच्या जिवाचा एक तुकडा नकळत त्याच्या स्वतःच्या अंगात आहे. तो मेल्याखेरीज दुष्ट मरणार नाही. मग तो सतरा वर्षांचा मुलगा कोणाला न घेता एकटा रानात चालू लागतो. वाटेत एका जादूच्या खड्याच्या बळावर त्याला आपले मेलेले आईबाप क्षणभर दिसतात. मरताना दुखते का, एवढेच तो विचारतो. ती माणसे त्याला धीर देतात. मग तो खडा तिथेच टाकून देतो आणि पुढे जातो. रानात मरतो तो हॅरी नव्हे, त्याच्यात लपलेला राक्षसाच्या जिवाचा तुकडा. हॅरी उठतो आणि गोष्ट तडीस नेतो.

तीन आया

या शेवटाकडे लक्ष देऊन पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. मोठमोठे जादूगार तिथे लढत असतात, पण पारडे फिरवतात त्या तीन आया.

पहिली हॅरीची आई. ती कधीच गेली आहे, पण तिच्याच मायेवर मुलगा इतकी वर्षे तगला आहे. दुसरी रॉनची आई मॉली. सात लेकरांची ही माउली. लोकर विणावी, पोरांना पोटभर वाढावे, आल्यागेल्या पोरक्या हॅरीला आपल्यात घ्यावे, असा तिचा संसार. एक मुलगा लढाईत पडला आहे आणि आता धाकट्या लेकीवर घाव येतो असे दिसताच ही बाई हातात छडी घेऊन पुढे होते आणि शत्रूकडच्या सर्वांत क्रूर बाईला संपवते.

तिसरी तर शत्रूच्याच गोटातली. रानात पडलेला हॅरी मेला का, हे पाहायला तिला पाठवतात. ती वाकते आणि त्याच्या कानात एवढेच विचारते की, माझा मुलगा जिवंत आहे का? हो, असे कळताच ती उठून आपल्या धन्याला सांगते, पोरगा मेला. मुलासाठी बोललेल्या त्या एका खोट्याने सगळी लढाई फिरते.

त्या दुष्टाला हे कधी उमगतच नाही. त्याच्याजवळ बळ आहे, पण माया म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. त्याचा नाश होतो तो यामुळे.

पडद्यामागची दहा वर्षे

चित्रपट करणाऱ्यांपुढे मोठा पेच होता. मुले वाढतात, त्यांना थांबवता येत नाही. २००० साली चित्रीकरण सुरू झाले तेव्हा हॅरी झालेला डॅनियल रॅडक्लिफ अकरा वर्षांचा, हर्मायनी झालेली एमा वॉटसन दहाची आणि रॉन झालेला रूपर्ट ग्रिंट बाराचा होता. मुख्य चित्रीकरण संपले १२ जून २०१० रोजी. म्हणजे पेरणीला जी मुले होती ती कापणीला तरणीताठी झाली होती. चार दिग्दर्शक झाले, त्यांपैकी डेव्हिड येट्स यांनी शेवटचे चार भाग केले. पण मुले तीच राहिली.

लंडनजवळ लीव्हस्डेन येथे विमाने आणि पुढे विमानांची इंजिने बनवणारा एक बंद पडलेला कारखाना होता. तोच या चित्रपटांचा वाडा झाला. तिथेच मुलांसाठी शिक्षक नेमले होते. कामातून सुटले की अभ्यास, कारण तिकडच्या कायद्याने मुलांच्या कामाचे तास बांधलेले आहेत आणि शाळा बुडवता येत नाही.

एवढ्या लहान वयात आलेली कीर्ती पचवणे सोपे नसते. शेवटच्या वर्षांत आपल्याला दारूची सवय लागली होती आणि ती आपण प्रयत्नाने सोडली, हे डॅनियलने पुढे मुलाखतींतून स्वतः सांगितले. एमाने शिक्षण सोडले नाही. २०१४ साली ती अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाची पदवीधर झाली. रूपर्टने काय केले? आईस्क्रीमची गाडी विकत घेतली! गारेगारवाला व्हायचे हे त्याचे लहानपणचे स्वप्न होते.

एक दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. अवघड उड्यांच्या वेळी हॅरीच्या जागी डेव्हिड होम्स हा तरुण काम करी. जानेवारी २००९ मध्ये एका तालमीत तो जोराने भिंतीवर आदळला, मान मोडली आणि छातीखालचे अंग कायमचे लुळे पडले. डॅनियलने त्याची मैत्री सोडली नाही. २०२३ साली होम्सच्या आयुष्यावर माहितीपट निघाला, त्याच्या निर्मितीत डॅनियलचा हात होता. पडद्यावर दिसणारी धाडसे कोणाच्या तरी हाडांवर बेतलेली असतात, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. मोबाईलसाठी उंचावरून उड्या मारणाऱ्यांना तर अधिकच.

शेवटच्या भागाने जगभरात सुमारे १३४ कोटी डॉलर मिळवले. त्यानंतर पडद्यावरचे कितीतरी वडीलधारे निघून गेले. हॅग्रिड झालेले रॉबी कोल्ट्रेन २०२२ साली, मुख्याध्यापक डंबलडोर झालेले मायकेल गॅम्बन २०२३ साली आणि मॅकगोनागल बाई झालेल्या मॅगी स्मिथ २०२४ साली वारल्या. चित्रपटात मात्र त्या अजून पुतळ्यांना जागे करीत आहेत.

घरगड्याचा मोजा

डॉबीची आणखी एक गोष्ट आपल्या शेतकरी घरांना जवळची वाटेल. तो पिढीजात बांधलेला गडी. धन्याने अंगावर घालायचे वस्त्र दिले तरच तो सुटायचा. हॅरी युक्ती करून धन्याकरवी त्याच्या हाती एक मोजा पडेल असे करतो आणि डॉबी मोकळा होतो. आपल्याकडे सालगड्याला सणाला कापड घेण्याची रीत आहे. त्या कापडात मान असतो, हे आपण जाणतो. डॉबीने तो एक मोजा जन्मभर जपला तो उगीच नव्हे.

डॉबीच्या थडग्याचे चित्रण वेल्स प्रांतातल्या फ्रेशवॉटर वेस्ट या समुद्रकिनारी झाले. लोकांनी तिथे खरोखरच दगडांची समाधी रचली आणि मोजे वाहू लागले. अखेर २०२२ साली किनारा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टने सांगितले की, समाधी राहू द्या, पण मोजे आणि वस्तू टाकू नका, त्या समुद्रात जाऊन जलचरांना अपाय होईल. नदीत निर्माल्य टाकणाऱ्या आपल्यालाही हा सल्ला लागू आहे.

घुबड : गोष्टीतले आणि बांधावरचे

हॅरीजवळ हेडविग नावाचे एक पांढरे घुबड असते. ते पत्रे पोचवते. या घुबडाने मात्र आपल्याकडे एक घोटाळा केला. नोव्हेंबर २०१० मध्ये घुबडांच्या चोरट्या व्यापारावरचा अहवाल प्रसिद्ध करताना त्या वेळचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश म्हणाले होते की, हॅरी पॉटरनंतर शहरी घरांतूनही मुलांना घुबड भेट देण्याचे वेड शिरले आहे. अहवालातले मोठे कारण मात्र निराळे होते. जादूटोण्यासाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, घुबडे पकडून मारली जातात, असे त्यात नोंदले होते.

हेडविगच्या जातीचे पांढरे घुबड उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातले. आपल्या शिवारातले गव्हाणी घुबड आणि पिंगळा त्यांच्याहून निराळे. ते रात्रभर उंदीर टिपतात आणि आपले धान्य राखतात. पगार न घेणारे हे राखणदार. घुबड पाळणे, विकणे किंवा मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावी २०१८ साली इला फाउंडेशनने घुबड महोत्सव भरवला. त्यातून मुलांच्या मनातली भीती घालवण्याचा प्रयत्न झाला. असे उपक्रम गावोगावच्या शाळांनी करायला हरकत नाही.

जादू आणि जादूटोणा

आता मूळ प्रश्न. या गोष्टीने मुले जादूटोण्याच्या नादी लागतील का? गोष्टीतली जादू आणि भोंदूबाबाची जादू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भोंदू सांगतो की, पैसे आणा, कोंबडा आणा, मी गेलेले परत आणतो. अशांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून कायदाच आहे. हॅरीच्या गोष्टीत नेमके उलट सांगितले आहे. मेलेले माणूस कोणत्याही मंत्राने परत येत नाही. मरण टाळण्याची लटपट करणारा दुष्ट ठरतो आणि मरण ओळखून आपले कर्तव्य करणारा वाचतो. शेवटी जगातली सर्वांत बलवान छडी हॅरीच्या हाती येते. तो ती मोडून दरीत फेकून देतो. मला याची गरज नाही, असे म्हणणारा जादूगार तुम्ही कुठे पाहिला आहे?

आपल्या मुलांना मरण अपरिचित नसते. म्हातारा बैल दावणीला जातो, आजोबा जातात, पुरात किंवा विजेने शेजारचे कोणी जाते. मुले सारे बघतात, पण त्यांच्याशी कोणी बोलत नाही. 'तू लहान आहेस, बाहेर खेळ जा,' एवढेच त्यांच्या वाट्याला येते. ज्यांच्या घरी असे काही घडले आहे त्यांनी हा शेवटचा भाग मुलाला जवळ घेऊन पाहावा. आजीलाही बसवावे. राक्षसाच्या जिवाचा भाग आला की तिला पोपटाची गोष्ट सांगू द्यावी. मूल मग आपणहून विचारील, आजोबा कुठे गेले? तेव्हा उत्तर टाळू नये. सातआठ वर्षांखालच्या मुलांना मात्र हा भाग भीतिदायक वाटेल, त्यांना पहिला चित्रपट पुरे. एकट्या मुलाच्या हाती मोबाईल देऊन मोकळे होऊ नये.

कहाणीचा अगदी शेवट आगगाडीच्या फलाटावर होतो. एकोणीस वर्षे लोटली आहेत. हॅरी आता बाप झाला आहे आणि धाकट्या मुलाला शाळेत सोडायला आला आहे. मुलगा घाबरला आहे. लहानपणी ज्याला धीर द्यायला बाप नव्हता, तो हॅरी गुडघ्यावर बसून मुलाला धीर देतो. मुलाचे एक नाव त्या स्नेप मास्तरांचे ठेवले आहे. गाडी सुटते आणि आईबाप फलाटावर उभे राहून पाहत राहतात.

जून महिन्यात आपल्याकडेही हेच घडते. पेटी, वळकटी आणि लाडवांचा डबा देऊन पोराला तालुक्याच्या वसतिगृहावर पोचवायचे आणि एस. टी. वळणाआड जाईपर्यंत उभे राहायचे. हॅरीची नवी मालिका करण्याचे २०२३ साली जाहीर झाले आणि २०२५ मध्ये तिचे चित्रीकरण सुरू झाले. नवी मुले, नवा हॅरी. पण घरच्या गोष्टी सांगायला बाहेरून कोणी यायचे नाही. त्या आपल्यालाच सांगायच्या आहेत. आज रात्री जेवणे झाली की एक सुरू करा.